जरा बाजूला येता?

“ताई, जरा बाजूला येता?” असं थेंबकाका म्हणाले, आणि तिच्या हातातला चहाचा कागदी पेला एकाएकी रिकामा असल्यासारखा हलका झाला. वाक्य तिचंच होतं. गेली नऊ वर्षं ती ते वापरत आली होती, फोनवर, ओसरीवर, गाडीच्या पायरीशी, इस्पितळाच्या जिन्यात. ‘जरा’वर किती रेंगाळायचं, ‘बाजूला’ म्हणताना आवाज किती खाली आणायचा आणि ‘येता’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांकडे नव्हे, खांद्याकडे बघायचं, हे सगळं तिनं नव्या नर्सना शिकवलं होतं. थेंबकाका आत्ता तिच्या खांद्याकडेच बघत होते. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त काढून घेणारा हा माणूस. “एकच थेंब, एकच थेंब” म्हणत अख्खी नळी भरून घ्यायची त्याची रीत, त्यावरून पडलेलं हे नाव. दोघं फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत जाऊन उभे राहिले. फ्रीज गुरगुरत होता. “कर्मचाऱ्यांची तपासणी झाली ना मागच्या आठवड्यात,” ते म्हणाले, “त्यात तुमचं हिपॅटायटिस सी निघालं, यकृताचं. म्हटलं मशीनचं डोकं फिरलं असेल, म्हणून कुणाला न बोलता पुढची चाचणीही लावली. तिच्यातही आहे.” मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत म्हणाले, “आता तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच सगळ्यांना सांगता.” आणि ती खरोखरच सांगू लागली. घाबरायचं कारण नाही, बारा आठवड्यांच्या गोळ्या असतात, रोज एक, जवळजवळ सगळेच बरे होतात, एका ताटात जेवल्यानं पसरत नाही, मिठी मारल्यानं पसरत नाही, फक्त रक्तातून रक्तात जातो. थेंबकाका मान हलवत होते. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “समजलं ना?” ती म्हणाली, “समजलं.” मग दोघांनाही हसू आलं, आणि हसता हसता तिला जाणवलं, आपल्या पाठीला भिंत लागली आहे आणि ती थंड आहे.

वरच्या मजल्यावर तिची खोली. एक टेबल, एक फोन, एक उंच स्टूल आणि दार. दाराला आतून कडी, आणि त्या कडीचा तिला अभिमान होता. ती इथं लागली तेव्हा फोनचं टेबल मोकळ्या व्हरांड्यात होतं. “माणसाचा आजार असा चारचौघांत बोलतात का?” असं भांडून तिनं ही खोली मिळवली होती. दूरवरच्या वस्त्यांमधल्या लोकांना इथून फोन करायचे, कुणाच्या रक्तात सी निघाला ते त्याचं त्याला एकट्याला सांगायचं, गोळ्या चालू करायच्या, बारा आठवडे त्याच्या मागे लागायचं, हे तिचं काम. सगळ्यांत लांबची वस्ती आगगाडीनं एक दिवस, मग मोटारीनं अर्धा दिवस आणि शेवटी मोटारीसकट तराफ्यावरून नदी ओलांडून होती. डॉक्टर नकाशावर बोट ठेवून म्हणायचे, “इथले लोक आपल्याला दाद देत नाहीत बघा.” ती तिथलीच होती. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचा उल्लेख करत नसे. तिनं तशी कडी तिथंही घालून ठेवली होती. गेल्या वर्षी इस्पितळाची गाडी तिथं जाऊन त्रेचाळीस जणांचं रक्त घेऊन आली. एकोणीस निघाले. तिनं एकोणीस पाकिटं तयार केली. प्रत्येकावर ‘खासगी’ असा तांबडा शिक्का मारला, प्रत्येकाची कड जिभेनं ओली करून दाबली. सामानाच्या ट्रकबरोबर ती पाकिटं वस्तीवरच्या एकुलत्या एका दुकानात गेली, आणि तिथल्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडली. एकही उघडलं गेलं नाही. ती दर महिन्याला दुकानवाल्या मावशीला विचारायची, आणि मावशी म्हणायची, “आहेत गं, आहेत. नीट ठेवलीत. उंदीर लागू दिला नाही.”

का उघडली नाहीत हे इस्पितळात एकट्या तिलाच कळण्यासारखं होतं. वस्तीवर मिटलेलं पाकीट फक्त सरकारी कचेरीतून येई, जागा सोडा म्हणून, नाहीतर कुणाला तरी हजर करा म्हणून. आलं की ते न फोडता ठेवून द्यायचं, फोडलं नाही तोवर ते लागू होत नाही अशी म्हाताऱ्यांची समजूत. आणि बाजूला बोलावणं तर त्याहून वाईट. वस्तीच्या मधोमध एक मोठी मोकळी जागा होती. जन्म, मरण, मागणी, भांडण, कुणाच्या शेळीला काय झालं, कुणाच्या पोटात का दुखतं, जे काही असेल ते तिथं मधोमध उभं राहून सांगायचं. एकट्याला बाजूला घेत ते फक्त चोराला. वडीलधारी दोघं जण त्याला चिंचेखाली नेत, आणि तो परत आला की त्याच्याकडे कुणी बघत नसे. दुकानात फोन बसला तेव्हा तोही मावशीनं सवयीप्रमाणे मोठ्या आवाजावर ठेवला. एकाचा फोन म्हणजे सगळ्यांचा फोन. हे सगळं तिला माहीत होतं. अकराव्या वर्षी ती वसतिगृहात आली, मग नर्सिंगला गेली, आणि शहरानं तिला पहिली गोष्ट काय शिकवली असेल तर दार लावणं. पहिल्यांदा न्हाणीघराला आतून कडी घालून ती किती तरी वेळ नुसती उभी राहिली होती, आपण कुणालाच दिसत नाही याचं सुख अंगावरून ओघळू देत. ते सुख सगळ्यांना द्यावं, असंच तिला मनापासून वाटत आलं. म्हणून माहीत असूनही तिनं पाकिटं चिकटवली. उलट एकाला तर चिकटपट्टी लावली, दोनदा, आडवी आणि उभी. ते दादाचं होतं.

सुई तिला दुपारभर आठवत राहिली. समोर यादी होती, एका माणसाला फोन करून आठवी गोळी घेतली का विचारायचं होतं, तिनं विचारलंही, पण बोटं आपोआप डाव्या दंडावर गेली. सहा वर्षांची असेल. मोकळ्या जागेत रांग लागली होती. बाहेरून दोन माणसं आली होती, एकाच्या हातात वही आणि दुसऱ्याच्या हातात काचेची जाड सिरिंज. सुई एकच, आधीच्या वस्त्यांवर वापरून आलेली. एका दंडातून निघाली की कापसाला पुसायची आणि पुढच्या दंडात. दादा रांगेत सगळ्यांत पुढे होता, कारण त्याला कुठंही पुढेच राहायचं असायचं, आपली सुई झाल्यावर तो मागे धावत आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “बारके, काही नाही गं, मुंगी चावते तेवढं.” ती रडली नाही. रडली नाही म्हणून आईनं सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. त्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे मोकळ्या जागेत उभे राहिले. बाबा गाऊन देवाच्या गोष्टी सांगत. आवाज फार गोड होता असं नाही, पण सांगता सांगता ते अचानक थांबत, हात कानाशी नेत आणि विचारत, “ऐकताय ना?” मग सगळी वस्ती एका घशानं म्हणे, “ऐकतोय!” आणि गोष्ट पुन्हा चालू लागे. त्या दिवशी त्यांनी देवालाच रांगेत उभं केलं. देव म्हणाला, माझी लेकरं उभी राहिली तर मी का नाही? आणि त्यानं आपला दंड पुढे केला. लोक हसून हसून लोळले. सुई टोचल्यावर देव ओरडला की नाही, असं कुणी तरी विचारलं, तर बाबा म्हणाले, “तो ओरडेल कसा? बारकी रडली नाही, त्याला लाज नाही का?” आज पस्तीस वर्षांनी तिला वाटलं, खरंच उभा असेल तो त्या रांगेत. मग त्याच्याही रक्तात असेल. हा विचार मनात येताच ती दचकली, आणि मग, का कोण जाणे, तिला त्या विचाराचा आधार वाटला. आपण एकट्या नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल.

दादाचं पोट फुगलं तेव्हा लोक म्हणाले, प्यायला लागला असेल. दादा पीत नव्हता. बाबा गेल्यावर तोच मोकळ्या जागेत उभा राहून गायचा. पाकीट जाऊन चार महिने झाले तरी तो कळवत नाही, म्हणून तिनं दुकानात फोन लावला होता. आवाज मोठ्यावर, मागे पोरांचा कालवा, कोंबड्या. ती म्हणाली, “मावशी, दादाला बोलव, आणि फोन बारीक कर. त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय.” मावशीनं निरोप दिला असणार, कारण थोड्या वेळानं लांबून त्याचा आवाज आला, फोनजवळ न येता, सगळ्यांना ऐकू जाईल असा: “एकट्याशी? बहिणीनं मला बाजूला घ्यावं असं मी काय चोरलं गं?” आणि लोक हसले. तोही हसला. ती या टोकाला कडी घातलेल्या खोलीत फोन धरून बसली होती. तेव्हा तिला बोलता आलं असतं. दादा, तुझ्या रक्तात अमुक आहे, ट्रकनं गोळ्या पाठवते, रोज एक खा, एवढं एकच वाक्य. कानावर पडलं असतं पन्नास जणांच्या. तिनं नियम पाळला. “बरं, पुन्हा करते,” म्हणून फोन ठेवला, आणि पुन्हा केला तेव्हाही बारीक करायलाच सांगितलं, आणि तो आलाच नाही. चार महिन्यांनी तो गेला. ती जाऊन पोचेपर्यंत माती टाकून झाली होती. निघताना आईनं एवढंच विचारलं, “तुला काय सांगायचं होतं त्याला?” ती म्हणाली, “काही नाही.” त्यानंतरही तिनं आपलं रक्त तपासलं नाही. वेळ नव्हता असं ती म्हणायची. दंड तोच, रांग तीच, सुई तीच. आणि डब्यातल्या बाकीच्या अठरा पाकिटांत एक आईचं, हेही तिला ठाऊक, कारण चिठ्ठ्या तिच्याच हातानं लिहिलेल्या. आईचे पाय सुजतात असं मावशी दोनदा म्हणाली होती. तिसऱ्यांदा म्हणेल त्या दिवसाची वाट बघत आपण बसलो आहोत का, हा प्रश्न ती जिना उतरताना पायऱ्या मोजून चुकवत असे.

घरी तिनं दोन गोष्टी केल्या. आपला दात घासायचा ब्रश वेगळ्या पेल्यात ठेवला, आणि नेलकटर उचलून कपाटात साड्यांच्या मागे टाकलं. यातलं दुसरं नवऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. नखं वाढली की काचेवर ओरखडा येतो, म्हणून त्याला रोज नेलकटर लागे. घरभर शोधून शेवटी तो म्हणाला, “नेलकटर काय बँकेत ठेवलंस? माहेराहून आणलेलं सोनं असल्यासारखं?” ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, “जरा बाजूला येता?” तो इकडे तिकडे बघू लागला. “घरात दोघंच आहोत आपण,” तो म्हणाला, “बाजूला म्हणजे नेमकं कुठं जायचं?” आणि खरंच, कुठं जायचं ते तिलाही सुचेना. मुलगी शिकायला गेलेली, शेजारच्यांचं दार बंद. ती तिथंच, ओट्याशी उभी राहून बोलली. यकृत, रक्त, सी, सुई. तो ऐकत राहिला. मधेच त्यानं भाताखालचा गॅस बारीक केला. मग विचारलं, “दुखतं का?” ती म्हणाली, “नाही. काहीच होत नाही. वर्षानुवर्षं काहीच होत नाही, हेच तर.” “मला तपासावं लागेल?” “हो. पोरीलाही.” “मग उद्याच जातो त्या एकच थेंबवाल्याकडे.” मग तो काच बसवताना डोळा बारीक करून बघायचा तसा तिच्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे दादांना हेच होतं.” तिनं मान हलवली. “आणि तुला माहीत होतं.” तिनं पुन्हा मान हलवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “आईंना सांगितलंस?” ती म्हणाली, “तिचं पाकीट पाठवलंय.” “तिचं नाही विचारलं,” तो म्हणाला, “तुझं सांगितलंस का?”

गुरुवारी अकराच्या सुमाराला ट्रक वस्तीवर पोचतो, तेव्हा सगळी माणसं दुकानापाशी असतात. ती खोलीत आली, स्टुलावर बसली आणि उठली. दाराची कडी काढली. मग दारच उघडून त्याला पायानं वीट लावली. बाहेर बसलेल्या दोन नव्या नर्सनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा निकाल चारचौघांत सांगायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला आजही तितकंच खरं वाटत होतं; पण आपला स्वतःचा? तो तर आपलाच आहे. तो मधोमध ठेवता येतो. नंबर लावताना तिचे ओठ हलले ते प्रार्थनेनं की नुसतेच, हे तिलाही कळलं नाही. देवा, तू होतास त्या रांगेत. आता इथंही उभा राहा.

“मावशी, मी बारकी.”

“बोल गं. कुणाला बाजूला बोलवू आज?” मावशीचा टोमणा जुना होता, त्यात विष नव्हतं. मागून ट्रकचं इंजिन, पोती टाकल्याचे आवाज, कुणाचं तरी लहान मूल.

“कुणालाच नको. आवाज मोठा कर. आहे त्याहून मोठा होतो का?”

“अगं बाई,” मावशी म्हणाली, आणि खरखर वाढली. कुणी तरी ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. मग एक शांतता आली, पन्नासेक माणसं उभी असल्याची शांतता, जी तिनं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून आणलं होतं, पण त्या कागदावरचं एकही वाक्य या शांततेला पुरं पडण्यासारखं नव्हतं. आणि मग तिच्या तोंडून आपसूकच निघालं, बाबांच्या चालीवर, अर्धवट गात, “ऐकताय ना?”

पलीकडे कुणाला तरी हसू आलं. मग आलं उत्तर, पुढच्यांचं आधी आणि मागच्यांचं जरा उशिरा: “ऐकतोय!”

“माझ्या रक्तात आजार निघालाय. सी म्हणतात त्याला. तो यकृत खातो, गुपचूप, वर्षानुवर्षं, आणि कळतं तेव्हा पोट फुगतं. मला सोमवारी बाजूला बोलावून सांगितलं. मी तुम्हाला मधोमध सांगतेय.”

मग एक म्हातारा आवाज, “कुठनं लागला गं, पोरी?”

“त्या सुईतून, बहुतेक. रांग लागली होती, आठवतंय? काचेची सिरिंज. एकच सुई होती सगळ्यांना.”

“मी होतो रांगेत,” म्हातारा म्हणाला. “मी पण,” आणखी कुणी. एक बाई म्हणाली, “तुझ्यापुढे मीच होते की. माझी वेणी ओढलीस तू तेव्हा, भवाने!” हशा पिकला, आणि तो हशा विरत जाताना त्यातला एकेक जण आपापल्या दंडाकडे बघतो आहे, असं तिला फोनमधून दिसलं.

“बारके.” हा आवाज फोनच्या अगदी जवळून आला. आई. “मरणार आहेस का तू?”

“नाही, आई. गोळ्या आहेत त्यावर. रोज एक, चौऱ्याऐंशी दिवस. जवळजवळ सगळेच बरे होतात. मी कालपासून चालू केल्यात.”

“चौऱ्याऐंशी दिवस खायच्या आणि बरं व्हायचं?”

“हो.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

दारात दोघी नर्स उभ्या होत्या, त्यांच्यामागे थेंबकाका, हातात नळ्यांचा ट्रे घेऊन. “पाकिटात लिहिलं होतं, आई.”

“पाकीट काय बोलतं का?” आई म्हणाली. रागानं नव्हे, एखाद्या मुलाला साधी गोष्ट समजत नाही म्हणून बोलावं तसं. मग मागे वळून, “डबा काढ गं तो.”

पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. मावशी पुटपुटत पाकिटं चाळत होती, वरून खाली, खालून वर. “पहिलं कुणाचं घेऊ?”

“माझं घे. फाड आणि वाच.”

“आई, मोठ्यानं नको वाचायला, ते तुझं स्वतःचं—”

“माझंच आहे ना? मग झालं तर.”

कागद फाटला. मावशी अडखळत वाचू लागली. तिच्या स्वतःच्या अक्षरातली, तिची स्वतःची वाक्यं, दोन दिवसांच्या वाटेवरून परत येत होती: आपल्या रक्तात… आढळून आला आहे… उपचार उपलब्ध आहेत… त्वरित संपर्क साधावा. “साधला,” आई म्हणाली. “तिला म्हणावं गोळ्या पाठव. आणि बारके, रोज सकाळी फोन करायचा. तू तिकडे गिळ, मी इकडे गिळते. कोण चुकतं बघू. चल, पुढचं.” आणि मग कुणी कुणाला काही न विचारता पुढे येऊ लागलं. “माझं दे.” “माझं माझ्या हातात दे, मी घरी जाऊन वाचीन.” “दे बाई, तुझं तू वाच.” “अरे, माझं वाच, मला वाचता येत असतं तर दुकान मी नसतं काढलं?” कागद फाटत होते, एकामागून एक, आणि मधेच हसू, मधेच गप्प, मधेच “हाय रे देवा” असं कुणी तरी अगदी हळू. तिनं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं यादी पुढे ओढली आणि खुणा करू लागली. पंधरा, सोळा, सतरा. अठरा.

मग मावशी थांबली.

“एक राहिलंय,” ती म्हणाली, आणि आवाज पहिल्यांदाच खाली गेला. “मोठ्याचं. काय करू याचं?”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. आई काय म्हणेल हे तिला कळेना, आणि ती काहीही म्हणाली तरी ते ऐकायचं, दार लावायचं नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं.

“बारके, त्याला हेच सांगायचं होतं तुला?” आईनं विचारलं.

“हो, आई.”

मग आई म्हणाली, “फाड. रांगेत तोच सगळ्यांत पुढे होता. त्याचं मागे कशाला ठेवतेस?”

मावशीनं पाकीट हातात घेतल्याचं ऐकू आलं. पण ते फाटेना. त्याला चिकटपट्टी दोनदा लावलेली होती, आडवी आणि उभी, आणि मावशी नखानं तिचं टोक शोधत होती. वस्तीवर आणि या खोलीत, सगळे थांबले होते.